फ्रेंच शहरांची नावं इंग्लिशमधे कशी म्हणायची: दादरच्या एका वीकेंड क्लासचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. क्लास चांगला आहे पण जाहिरातीत जे लिहिलंय त्यासाठी जाऊ नका. जाहिरात म्हणते "फ्रान्समधल्या शहरांची नावं अस्सल फ्रेंच माणसासारखी उच्चारा", आणि पहिला अख्खा रविवार त्यातच जातो, म्हणजे घशातून र काढा, नाकातून ऑं काढा, ओठांचा चंबू करून यू म्हणा, आणि पलीकडच्या खोलीत भरतनाट्यमचा क्लास चालू, तिकडून तैया तै आणि इकडून आमचं सामुदायिक रँस रँस. मजा येते, नाही असं नाही. पण पैसे वसूल होतात ते दुसऱ्या रविवारी, आणि त्याबद्दल जाहिरातीत एक ओळ नाहीये. म्हणून हे सगळं लिहितेय.

मी का गेले ते आधी सांगते म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. ट्रॅव्हल ऑफिसमधे युरोप डेस्कवर बसते. दिवसभर क्लायंटशी मराठी, हॉटेलवाल्यांशी इंग्लिश, कोचवाल्यांशी जे जमेल ते. आता एल-वाय-ओ-एन हे शहर घ्या. आमचे बॉस त्याला "लायन्स" म्हणतात, अकाउंट्समधले काका "लियॉन", आणि नवीन लागलेली एक मुलगी कॉलेजात फ्रेंच शिकलीय ती "ल्यों" म्हणते, शेवटचा न नाकात गडप. तिघं एकाच ग्रुपबद्दल बोलत असतात आणि मधे मी. क्लायंटला वाटतं तीन वेगळी गावं आहेत आणि तो विचारतो, ताई तिन्हीकडे मुक्काम आहे का? तर मला फ्रेंच व्हायचं नव्हतं, मला एवढंच हवं होतं की इंग्लिश वाक्य बोलत असताना मधेच हे नाव आलं तर ते कसं म्हणायचं. हा प्रश्न दिसतो छोटा, पण याचं धड उत्तर कोणी देत नाही, जो तो आपापल्या आत्मविश्वासावर चालतो.

जागा दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत. जुनी बिल्डिंग, लिफ्ट आहे पण तिच्यावर कायम "बंद आहे" ची पाटी, दुसरा मजला. एसी एका बाजूलाच लागतो त्यामुळे लवकर जाऊन खिडकीच्या समोरची खुर्ची पकडा. बॅच छोटी ठेवतात हे खरंच आवडलं. माझ्या बॅचला एक टूर मॅनेजर, एका पंचतारांकित हॉटेलात वाइन सर्व्ह करणारा मुलगा, दोन कॉल सेंटरवाल्या मुली, एक मालवणचा पोरगा जो मर्चंट नेव्हीत जाणार होता, आणि पार्ल्याच्या एक काकू ज्यांची मुलगी-जावई त्याच एल-वाय-ओ-एनला राहतात. काकूंचा प्रश्न सगळ्यात भारी होता. "जावई एक म्हणतात, मुलगी दुसरं म्हणते, मी शेजारणीला काय सांगू?"

पहिला रविवार मॅडमचा. कॉलेजात वर्षानुवर्षं फ्रेंच शिकवून रिटायर झाल्यात, आवाज खणखणीत, पन्नाशीच्या माणसालाही "मुलांनो" म्हणतात. सुरुवातच त्यांनी अशी केली की काळा घोड्याला वॉटसन्स हॉटेलची ती लोखंडी सांगाड्याची बिल्डिंग माहितीय ना, आता जिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात, तिथं ७ जुलै १८९६ ला मुंबईत पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली, ल्युमिएर बंधूंच्या मशीनवर, आणि ल्युमिएरांचा कारखाना होता ल्योंला. कारखान्यातून कामगार बाहेर पडतायत ती त्यांची १८९५ ची फिल्म तिथलीच. म्हणजे या शहराचं आणि आपलं नातं सव्वाशे वर्षांचं आहे तर निदान नाव तरी नीट घ्या, असा त्यांचा एकूण सूर. गोष्ट छान सांगितली, वर्गात एकदम शांतता. मग लगेच व्यायाम.

नाकातल्या स्वरांचं शिकवणं मात्र त्यांचं अप्रतिम आहे, हे मान्य करायलाच पाहिजे. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, कान आणि काँ. पहिलं म्हणजे फेस्टिवलवालं शहर, पार दक्षिणेला भूमध्य समुद्रावर. दुसरं म्हणजे उत्तरेला नॉर्मंडीतलं, दुसऱ्या महायुद्धात ज्याचा पार चुराडा झाला ते. स्पेलिंग वेगळी, गावं देशाच्या दोन टोकांना, आणि उच्चारात फरक फक्त एवढाच की एकात न जिभेने वाजवायचा आणि दुसऱ्यात नाकात सोडून द्यायचा. कॉल सेंटरच्या मुली थकल्या, वाइनवाला थकला, मालवणच्या पोराने पहिल्या झटक्यात दोन्ही बरोबर केली. मॅडमनी विचारलं आधी कुठे शिकलास, तो म्हणाला घरी असंच बोलतो आम्ही. हशा. पण खरंय ते, कोकणातल्या बोलीत नाकातलं इतकं सहज येतं की त्याला वेगळं शिकवायला लागत नाही, आम्ही घाटावरचे बसलो आपले नाक दाबून बघत.

बाय द वे, टीव्हीवाले जे "कान्स" म्हणतात ते ना फ्रेंच ना इंग्लिश. फ्रेंचमधे शेवटचा एस मुका, इंग्लिशमधे साधारण "कॅन". २०२४ ला मुंबईवरच्या सिनेमाला तिथं ग्रां प्री मिळालं तेव्हा दिवसभर सगळ्या चॅनलवर कान्स कान्स चालू होतं. चालायचंच, आता ते आपलं भारतीय रूप झालंय असं समजा.

मॅडमचा आवडता विषय म्हणजे नीम. शहराचं नाव, दक्षिण फ्रान्समधलं, आपल्या कडुनिंबासारखंच म्हणायचं. तिथलं कापड म्हणजे "द नीम", आणि त्याचंच इंग्लिशमधे डेनिम झालं. आणि गंमत म्हणजे डेनिमचा भाऊ जो डंगरी, तो शब्द आपल्या डोंगरीवरून आला असं सांगतात, तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडावरून. म्हणजे एक फ्रेंच गाव आणि एक मुंबईतली वस्ती, दोघांची नावं इंग्लिश माणसाच्या कपाटात लटकलीत, आणि दोन्हीचा मूळ उच्चार तिथं कोणालाच माहीत नाही. मॅडमना यातून काय सिद्ध करायचं होतं देव जाणे, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही इंग्रजांची बेपर्वाई. मला उलट वाटलं. नाव एकदा दुसऱ्या भाषेत गेलं की ते तिथलं होतं, ती लोकं आपल्या सोयीने म्हणणारच.

आणि नेमकं हेच दुसऱ्या रविवारी सरांनी सांगितलं.

सर आधी मालाडला कॉल सेंटरमधे व्हॉइस ट्रेनर होते. बोलणं एकदम साधं, मधेमधे हिंदी. आल्या आल्या त्यांनी विचारलं, पॅरिसला फ्रेंच लोक काय म्हणतात? सगळे ओरडले "पारी", आदल्या रविवारची घोकंपट्टी ताजी होती ना. मग म्हणाले, आता समजा तुम्ही इंग्लिशमधे हॉटेलला फोन लावलाय, तेव्हा काय म्हणाल? सगळे गप्प. मग टूर मॅनेजर हळूच म्हणाला, पॅरिस. करेक्ट. इंग्लिशमधे पॅरिसच, एस वाजवून. सरांनी कारणही सांगितलं, जुन्या फ्रेंचमधे तो एस खरंच वाजायचा, इंग्लिशने नाव उचललं ते त्या काळात, पुढे फ्रेंचांनी एस सोडून दिला आणि इंग्लिशने ठेवला. म्हणजे एस वाजवणारा गावंढळ नाही, उलट तो जुनं जपून आहे. हे ऐकून माझ्या डोक्यातला एक खिळा निघाला म्हणा ना. इतकी वर्षं ऑफिसात ती "ल्यों" वाली मुलगी सगळ्यांना बारीक नजरेने बघायची.

मग फळ्यावर तीन ढीग केले. पहिला ढीग, ज्यांचं इंग्लिशमधे वेगळं, पक्कं नाव आहे. पॅरिस, डंकर्क, आणि प्रांतांमधे नॉर्मंडी, ब्रिटनी, बर्गंडी. ही तशीच म्हणायची, प्रश्नच नाही. डंकर्कचं तर मूळ नाव फ्लेमिश, अर्थ वाळूच्या टेकडीवरचं चर्च, त्यामुळे तिथं अस्सल फ्रेंच वगैरे करण्यात तसाही दम नाही. दुसरा ढीग, जिथं स्पेलिंग फ्रेंच आणि उच्चार इंग्लिशने स्वतःचा केलाय. रीम्स हे त्यातलं ठळक, फ्रेंचमधे ते रँस, पण इंग्लिश बोलताना रीम्सच. मेट्स, जे फ्रेंच लोक मेस म्हणतात. नॅन्सी, जे तिकडे नाँसी. आणि तिसरा ढीग म्हणजे भांडणाचा, जिथं इंग्लिशच गेल्या शंभर वर्षांत बदललंय.

आमचं एल-वाय-ओ-एन या तिसऱ्या ढिगात. जुन्या इंग्लिश पुस्तकांत त्याच्या शेवटी एस असायचा आणि म्हणायचे अगदी "लायन्स", सिंहांचं अनेकवचन असतं तसं. आता तो एस गेला, उच्चारही गेला. ब्रिटिश लोक पहिल्या भागावर जोर देऊन "ली-ऑन" म्हणतात, अमेरिकन दुसऱ्या भागावर, "ली-ओन". सरांना मी आमच्या बॉसचं सांगितलं तर म्हणाले, "तुमचे बॉस चूक नाहीत, जुने आहेत." हे वाक्य मी ऑफिसात अजून वापरलेलं नाही, इन्क्रिमेंट व्हायचंय. आणि गंमत बघा, एअरपोर्टचा कोड आजही एल-वाय-एस आहे, रोज तिकिटावर टाईप करते मी तो. काकूंना सरांनी सांगितलं की शेजारणीशी मराठीत बोलताना लियॉन म्हणा, जावयांच्या फ्रेंच शेजाऱ्यांसमोर ल्यों म्हणा, आणि एअरलाइनला फोन लावला तर सरळ स्पेलिंग सांगा. काकू खूश. वहीत तिन्ही लिहून घेतलं, समोर कोणासमोर कुठलं तेही.

कॅलेचं प्रकरण तर मला माहीतच नव्हतं. ते बंदर १३४७ पासून १५५८ पर्यंत इंग्लंडच्या ताब्यात होतं, दोनशेहून जास्त वर्षं, आणि तेव्हा इंग्लिश लोक त्याला "कॅलिस" सारखं काहीतरी म्हणायचे, स्वतःच्याच गावासारखं. नंतर फ्रेंच उच्चाराकडे सरकले आणि "कॅले" झालं. पण अमेरिकेत मेन राज्यात त्याच नावाचं गाव आहे, तिथं अजून "कॅलस" म्हणतात. केंटकीमधे व्हर्साय आहे त्याला तिथले लोक "व्हर्सेल्झ" म्हणतात, आणि पर्यटक जर तिथं जाऊन व्हर्साय म्हणाला तर तोच हास्यास्पद ठरतो. म्हणजे बरोबर उच्चार कुठला हे नकाशावर तुमचं बोट कुठे आहे त्यावर ठरतं.

मधेच एका मुलीने विचारलं, पण सर फ्रेंच लोकांना राग नाही का येत? सर हसले आणि म्हणाले, ते लोक लंडनला लोंद्र म्हणतात, एडिंबरोला एदँबूर म्हणतात, आणि आपल्या मुंबईला अजूनही बरेच जण बोंबे म्हणतात, तुम्हाला येतो का राग? यावर वर्गात दोन मिनिटं राजकारण झालं ते सोडा. पण मला लगेच आपलंच आठवलं. सायनला राहणारा माणूस इंग्लिश बोलताना सायन म्हणतो, स्टेशनच्या पाटीवर मराठीत शीव वाचतो, दोन्ही नावं एकाच दिवसात दहादा वापरतो आणि त्याला काही वाटत नाही. भायखळ्याचं बायकुला, परळचं परेल, वांद्र्याचं बँड्रा. समोर कोण आहे त्याप्रमाणे आपलं तोंड आपोआप गिअर बदलतं. फ्रेंच शहरांच्या वेळीच आपण का एवढे घाबरतो?

आता मार्सेलिस. हा भाग जरा जास्त लिहिते कारण वर्गात यावर खरी खडाजंगी झाली. काकू बोलता बोलता "मार्सेलिस" म्हणाल्या आणि मॅडम, ज्या दुसऱ्या रविवारीही मागे बसून होत्या, पटकन म्हणाल्या, "मार्सेय! दोन्ही एल मुके!" काकूंनी शांतपणे विचारलं, "मग सावरकरांनी उडी कुठे मारली?" वर्ग गार. आम्ही बसलो होतो तिथून सावरकर स्मारक चालत जाण्याच्या अंतरावर, दादरात वाढलेल्या कोणालाही विचारा, ८ जुलै १९१० ला मोरिया बोटीच्या पोर्टहोलमधून उडी मारली ती मार्सेलिसला. शाळेत तसंच शिकलो, भाषणांत तसंच ऐकलं, आणि पुढे १९११ ला हेगच्या लवादात निकाल लागला तोही "मार्सेलिसची उडी" म्हणूनच आपल्याला माहीत. जुन्या इंग्लिशमधे या शहराच्या शेवटीही एस होता, तो मराठी माणसाने छापील वाचला आणि प्रत्येक अक्षराला न्याय देऊन मार्सेलिस केलं. इंग्लिश माणूस तेव्हा "मार्सेल्झ" म्हणत होता, आता "मार्से" म्हणतो, फ्रेंच "मार्सेय", आणि मराठी मार्सेलिस. सरांनी मॅडमची बाजू न घेता सांगितलं की मराठीत बोलताना मार्सेलिस शंभर टक्के चालेल, इंग्लिशमधे मात्र नको, समोरच्याला कळणार नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत पण पटलं नाही हे दिसत होतं. मला विचाराल तर काकू जिंकल्या.

वाइनवाल्या मुलाचा प्रश्न वेगळा होता. त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइकं दोन प्रकारची, एक ज्यांना सगळं माहितीय आणि एक ज्यांना सगळं माहितीय असं वाटतं. त्याने शॅम्पेनची बाटली दाखवताना "रँस" म्हटलं तर अर्ध्यांना कळत नाही, "रीम्स" म्हटलं तर उरलेले अर्धे त्याला दुरुस्त करतात. सरांचा सल्ला, सुरुवात इंग्लिश उच्चाराने करायची, गिऱ्हाईक फ्रेंच बोललं की पुढच्या वाक्यापासून आपणही तसंच, न अडखळता. आणि लक्षात ठेव, शॅम्पेन हेही तिकडच्या प्रांताचंच नाव आहे, त्याला आजवर तुझ्या कुठल्या गिऱ्हाइकाने शाँपान्य म्हटलं? पोरगा हे ऐकून इतका सुटल्यासारखा हसला की बास. हा सल्ला खरं तर माझ्याही रोजच्या कामाचा आहे, समोरचा जे म्हणतो ते उचलायचं, त्याला धडा शिकवायला आपण बसलेलो नाही.

कोलनवॉटरची एक गंमत सांगून टाकते. लहानपणी ताप आला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायचे ना, ते कोलोन म्हणजे जर्मनीतलं क्योल्न शहर. कोलोन हे त्याचं फ्रेंच नाव, इंग्लिशने ते फ्रेंचकडून घेतलं, आपण इंग्लिशकडून. जर्मन शहर, फ्रेंच नाव, इंग्लिश बाटली, मराठी ताप. हे क्लासमधे नव्हतं, घरी येताना लोकलमधे सुचलं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, ऑडिओ. फी भरल्यावर व्हॉट्सॅपवर ऑडिओ फाइल्स पाठवतात, सरावासाठी. त्या कुठल्या तरी मशीनकडून वाचून घेतल्यात हे उघड आहे, कारण त्यात एक बाई छान गोड आवाजात म्हणते "वेलकम टू नाइस". अहो, नीस! एन-आय-सी-ई दिसलं की मशीनला ते गोंडस वाटलं. ज्या क्लासचा अख्खा विषयच हा आहे त्यांनी पाठवायच्या आधी एकदा ऐकू नये? चहाच्या वेळेला वरून साखर लावलेली खोबऱ्याची नाइस बिस्किटं आली तेव्हा आम्ही सगळे त्यावरून खिदळत होतो. इंग्लंडमधेही त्या बिस्किटाला नाइस म्हणायचं की नीस यावर लोक वाद घालतात, असं सर म्हणाले. चहा मात्र फर्स्टक्लास, आल्याचा, भरपूर.

दुसरी तक्रार हँडआउटची. झेरॉक्स पानांवर शहरांची यादी आहे, देवनागरीत उच्चार दिलेत ही कल्पना उत्तम, पण एकाच पानावर वरच्या बाजूला एस लावलेली जुनी स्पेलिंग आणि खाली बिनएसची नवी, कुठली कधी वापरायची ते लिहिलेलंच नाही. नवा माणूस गोंधळणार. आणि हा नुसता शुद्धलेखनाचा मुद्दा नाहीये, नॉर्मंडीत एस असलेलं लायन्स-ला-फोरे टाइपचं एक छोटंसं गाव खरंच आहे, फ्रेंच लोक त्यालाही ल्योंच म्हणतात, आणि जीपीएसला स्पेलिंग अर्धवट टाकलं तर काय होईल याचा विचार करा. हॉटेल व्हाउचरवर एक अक्षर म्हणजे कधीकधी पाचशे किलोमीटर असतात.

तिसरी, स्टेशनं अजिबात घेतली नाहीत. हे मला फार खटकलं. पॅरिसमधे एक स्टेशन आहे गार द ल्यों, म्हणजे जिथून ल्योंकडच्या गाड्या सुटतात ते. ते पॅरिसमधेच आहे. तिथून नीसच्या गाड्या पण सुटतात. आमचं मुलुंडचं एक जोडपं, काका-काकू दोघंच फिरत होते, रात्री पॅरिसच्या हॉटेलातून फोन, "ताई, उद्याचं तिकीट लियॉनहून आहे आणि आम्ही पॅरिसला, आता हो काय करायचं?" काकूंच्या आवाजात रडूच यायचं बाकी होतं. मी म्हटलं काका घाबरू नका, टॅक्सीवाल्याला तिकीट दाखवा, वीस मिनिटांत पोचाल. उलट खऱ्या ल्योंला उतरायचं असतं तेव्हा तिकिटावर पार-द्यू असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि माणूस म्हणतो हे आमचं गावच नाही. पॅरिस-ल्यों ही तिकडच्या टीजीव्हीची, म्हणजे हायस्पीड ट्रेनची, पहिली लाइन, १९८१ ची, आज दोन तासांत पोचवते, आपली निम्मी पब्लिक त्याच गाडीने जाते. मग एवढं तरी अर्धा तास काढून शिकवायला काय हरकत आहे? फीडबॅक फॉर्मवर मी हे सविस्तर लिहून दिलंय.

तूर पण नव्हतं. टी-ओ-यू-आर-एस, ल्वार नदीच्या खोऱ्यातलं शहर, इंग्लिशमधेही साधारण तूरच, आपल्या डाळीसारखं. ट्रॅव्हलवाल्यांसाठी याच्याएवढं डेंजर नाव दुसरं नाही, कारण आयटिनररीत "नाइट स्टे इन टूर्स" लिहिलं की आमच्याकडचा मुलगा टायपिंग मिस्टेक समजून ते उडवतो. आँझे पण नाही, ज्याचं स्पेलिंग वाचून क्लायंट विचारतो की हे लोक रागावलेत का. लील, ब्रेस्ट, ल माँ, सगळी गायब. राजवाडे आणि वाइनची शहरं तेवढी घेतलीत.

आणि लूर्द! वसई आणि ओर्लेमच्या लोकांना विचारा. ओर्लेमचं चर्चच अवर लेडी ऑफ लूर्ड्सच्या नावाचं आहे, तिकडची ज्येष्ठ मंडळी ग्रुप करून फ्रान्सला जातात ती आधी लूर्दला, आयफेल टॉवर नंतर. १८५८ पासून भाविक जातायत तिथे. फ्रेंच लूर्द, आपल्याकडे लूर्ड्स, आणि वसईच्या अंकलना तुम्ही "अंकल, लूर्द म्हणायचं असतं" असं सांगून बघा, ते तुमच्याकडे बुकिंग करणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं, त्यांच्या घरात ते नाव तीन पिढ्या असंच घेतलं जातंय. मुंबईत घेतलेल्या क्लासमधे हे एक नाव नसणं म्हणजे कमाल आहे.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. सरांना साडेचार, मॅडमना उच्चारासाठी चार आणि काकूंना टोकलं म्हणून अर्धा कापला, ऑडिओला शून्य. फ्रेंच खरंच शिकायचं असेल, डेल्फ वगैरे परीक्षा द्यायची असेल तर हा क्लास तुमच्यासाठी नाहीच, रीतसर कोर्स लावा. पण हॉटेल, ट्रॅव्हल, कॉल सेंटर, एक्सपोर्ट, किंवा मुलं तिकडे गेलीत आणि रोज व्हिडिओ कॉलवर नवीन गावाचं नाव ऐकायला लागतंय, अशांना दुसरा रविवार फार उपयोगी पडेल. फी साडेतीन हजार, यूपीआय चालतं, पावती मागितली की देतात. गाडी आणू नका, पार्किंगचं नावच काढू नका. मी विचारलं होतं की फक्त दुसऱ्या रविवारचे पैसे घेऊन बसू द्याल का, मॅडम म्हणाल्या, मुली, आधी र शिक.